शिट्टी कोण घेणार?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की लेकीचं खेळणं थांबून चार वर्षं झाली तरी मी अजून शनिवारी सकाळी पोरांच्या मॅचला रेफ्री म्हणून जातो. झालं, त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले म्हणे की संपादकांनी या वेळचा अख्खा कॉलमच माझ्या गळ्यात मारला. बरेचसे प्रश्न इथल्या, कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या आईबाबांचे आहेत, एक आजोबांचा आहे. आणि हो, इथे सगळे सॉकर म्हणतात पण मी कोल्हापूरचा, माझ्या तोंडात फुटबॉलच येतं, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: दादा, माझा मुलगा नऊ वर्षांचा, यंदा एवायएसओ या मुलांच्या सॉकर संस्थेच्या टेन-यू, म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या टीममध्ये आहे. पहिल्याच मीटिंगला कोच म्हणाला की प्रत्येक टीमने रेफ्री द्यायचे, नाहीतर टीमचे पॉइंट जातात. सगळे पालक लगेच मोबाईलमध्ये बघायला लागले, मी तेवढी मान वर केली आणि अडकले. शाळेत खो-खो खेळलेय, फुटबॉलला पाय पण लावलेला नाही. जमेल का, की आत्ताच नाही म्हणून टाकू? – सनीव्हेलची एक आई

उत्तर: ताई, नाही म्हणू नका. मान वर केलीत ना, निम्मं काम तिथेच झालं, कारण दरवर्षी मीटिंगमध्ये हेच होतं, बाकीचे सगळे बुटांकडे बघत असतात.

आधी एवायएसओचं सांगतो, म्हणजे पॉइंटची भानगड कळेल. ही संस्था १९६४ साली लॉस एंजेलिसजवळ टॉरन्समध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून पालकांच्या जिवावरच चाललीये. कोच फुकट, रेफ्री फुकट, आपल्याकडे फक्की मारतात तसे इथे स्प्रेने मैदानावर पट्टे मारणारा माणूस तोही कुणाचा तरी बाप. त्यांचा पहिला नियम म्हणजे प्रत्येक पोराला निदान अर्धी मॅच खेळायला मिळालीच पाहिजे, मग ते कितीही कच्चं असो. आता एवढ्या सगळ्या मॅचना पैसे देऊन रेफ्री आणायचे तर फी कुठच्या कुठे जाईल, म्हणून बऱ्याच रीजनमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखांमध्ये, टीमकडूनच रेफ्री मागतात आणि नाही दिले तर पॉइंट अडवतात. जबरदस्ती वाटते खरी, मलाही वाटली होती, पण दुसरा उपाय मला तरी अजून सुचलेला नाही.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि संपवून टाका. स्वयंसेवक म्हणून ऑनलाइन अर्ज, मग पार्श्वभूमी तपासणी, मग मुलांच्या सुरक्षिततेचे कोर्स, डोक्याला मार लागला तर काय करायचं त्याचा एक, आणि अचानक हृदय बंद पडण्यावरचा एक. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे, त्यामुळे लाइव्ह स्कॅनला जाऊन बोटांचे ठसे पण द्यावे लागतात. माझा एक मित्र याच्यावर जाम चिडला होता, मी काय चोर आहे का म्हणे. अरे बाबा, तुझं पोरगं ज्या कोचच्या हवाली करतोस त्याचेही घेतलेत ना ठसे? मग.

रेफ्रीचं ट्रेनिंग त्यानंतर. थोडं ऑनलाइन, थोडं प्रत्यक्ष वर्गात आणि मैदानावर. पुस्तकात १७ नियम आहेत, ऐकून दडपून जायला होतं, पण त्यातला पहिला मैदानावर, दुसरा बॉलवर, तिसरा खेळाडू किती यावर, म्हणजे बरंचसं तुम्हाला शिट्टी फुंकायच्या आधीच संपतं. आणि खो-खो खेळलायत म्हणता, मग तर उलट फायदाच आहे. पाठलाग करणारीने दिशा बदलली का, खो द्यायच्या आधीच समोरची उठली का, हे सगळं पळत्या पोरींमध्ये तुम्ही बघत होता ना, इथे तीच नजर लागते. फुटबॉल खेळलेल्या बापांचा उलट प्रॉब्लेम होतो, ते बॉल बघत बसतात आणि मागे कोण कुणाला ढकलतोय ते त्यांना दिसतच नाही.

माझा एक सल्ला मात्र ऐका, टेन-यूवर डायरेक्ट उडी मारू नका. आधी दोन-तीन शनिवार एट-यूच्या मॅच घ्या. तिथे चार विरुद्ध चार पोरं, गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही, तीन नंबरचा छोटा बॉल. तुमचं काम काय, तर बॉल बाहेर गेला की कुणाचा ते सांगायचं, रडणाऱ्याला उचलायचं आणि बुटांच्या नाड्या बांधायच्या. मी तर एका मॅचमध्ये सात वेळा नाड्या बांधल्यात, त्यातल्या तीन एकाच पोराच्या. पण त्यात एक गोष्ट होते, शिट्टीचा आवाज सापडतो. पहिल्यांदा सगळे घाबरत घाबरत फुस्स करून वाजवतात, कुणी थांबतच नाही. जोरात, एकदाच, आणि लगेच हाताने दिशा.

मग टेन-यू. सात विरुद्ध सात, चार नंबरचा बॉल, २५-२५ मिनिटांचे दोन हाफ. यात तीन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा कारण भांडणं तिथेच होतात. एक, या वयात हेडिंग बंद आहे, अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनने २०१५ साली डोक्याच्या दुखापतींमुळे तसं ठरवलं, मुद्दाम डोकं लावलं तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही ती. आता बॉलच येऊन पोराच्या डोक्यावर आपटला तर तो गुन्हा नाही, हे मात्र साइडलाइनला दर वेळी नव्याने समजावायला लागतं. दुसरी गोष्ट बिल्ड-आउट लाइन, म्हणजे पेनल्टी बॉक्स आणि मधली रेषा यांच्या मध्ये मारलेली आडवी रेषा, गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमने त्या रेषेच्या मागे जायचं, म्हणजे पोरांना मागून पास देत खेळ उभारायला शिकता येतं, आणि कीपरने बॉल लाथेने उडवायचा पण नाही. तिसरं म्हणजे हाफच्या मध्यावर जी बदली करायला मॅच थांबवतात तेव्हा कोण बाहेर बसलंय ते तुम्ही लाइन-अप कार्डावर लिहायचं. तो अर्ध्या मॅचचा नियम कोण पाळतंय कोण नाही हे त्या कार्डावरूनच कळतं, म्हणून घाईत विसरू नका, आणि पेन्सिल न्या, दव पडलेल्या कार्डावर पेन चालत नाही.

चुका होणारच. माझ्या पहिल्या टेन-यू मॅचला दुसऱ्या हाफमध्ये मी घड्याळ सुरूच केलं नाही, पोरं आपली खेळतायत खेळतायत, शेवटी एक कोच हळूच येऊन म्हणाला की पुढची टीम येऊन उभी आहे. तेव्हापासून दोन्ही मनगटांवर घड्याळ.

प्रश्न: क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू कळतं पण ऑफसाइड काही केल्या डोक्यात जात नाही. सोप्या भाषेत सांगाल का? – फ्रीमॉन्टहून एक बाबा

उत्तर: अहो, एलबीडब्ल्यू कळतं म्हणजे ऑफसाइड कळलंच, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच, त्या क्षणी कोण कुठे होतं. एलबीडब्ल्यूत बॉल पॅडला लागला तो क्षण, इथे आपल्याच टीममधल्याने पास मारला तो क्षण. पास मारल्यावर तुम्ही धावत जाऊन कुठे पोचलात याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि ऐंशी टक्के आरडाओरडा त्याच्यावरच होतो, कारण लोक बॉल पोचल्यावर मान वळवून बघतात.

तर पास सुटला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्यात आहात का? नसाल तर विषय संपला. असाल तर बॉलच्या पुढे आहात का? आणि समोरच्यांच्या मागून, म्हणजे त्यांच्या गोलकडून मोजलं तर, दुसऱ्या माणसाच्याही पुढे आहात का? दोन्हीला हो, तर तुम्ही ऑफसाइडच्या जागेत. मागून पहिला बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून लोक शेवटचा डिफेंडर म्हणतात, पण कीपर पुढे आला असेल तर हिशोब बदलतो, नियमात मागून दुसरा असंच आहे. बरोबरीत असाल तर चालतं. हात मोजत नाहीत, डोकं, धड, पाय मोजतात. आणि नुसतं तिथे उभं राहणं हा गुन्हा नाहीच, खेळात भाग घेतला, बॉल खेळलात किंवा कुणाला अडवलंत तरच झेंडा वर. थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर यावरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतोच.

हे वाचून नाही बसणार डोक्यात. जेवणाच्या टेबलावर मीठ, मिरपूड, लोणच्याची बरणी मांडा आणि पोराला सांगा हलवायला. आमच्याकडे बरणी कायम गोलकीपर असायची.

प्रश्न: स्वतःच्या मुलाच्या मॅचला रेफ्री व्हावं का? – प्लेझंटन

उत्तर: दुसरं कुणीच नसेल तर व्हा, लहान वयोगटात चालवून घेतात. एरवी नको. मी एकदा लेकीच्या मॅचला तिच्याच हँडबॉलवर समोरच्यांना पेनल्टी दिली, निर्णय बरोबर होता, अजूनही बरोबर होता असंच माझं म्हणणं आहे, पण मिलपिटास येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

प्रश्न: मी एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्या नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे, काम करायची परवानगी अजून आलेली नाही. रेफ्री झाले तर व्हिसाला काही होईल का? आणि मुलगी चौदा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी रेफ्री होऊन पैसे कमावतात म्हणे, तीही मागे लागलीये.

उत्तर: चांगला प्रश्न विचारलात, कारण हा कुणी विचारत नाही आणि इथेच लोक गोंधळ घालतात. दोन वेगळ्या वाटा आहेत. एवायएसओमध्ये पालक रेफ्री स्वयंसेवक असतात, एक डॉलर मिळत नाही, संस्था ना-नफा आहे, अशा ठिकाणी निव्वळ सेवा म्हणून काम करायला साधारण अडचण येत नाही. दुसरी वाट फेडरेशनच्या ग्रासरूट्स रेफ्री लायसन्सची, तेरा वर्षं पूर्ण झाली की ते काढता येतं, आणि मग क्लबच्या मॅचना दर मॅचमागे पैसे मिळतात. ते पैसे म्हणजे कमाई. परवानगी नसताना कमाई नाही, मग ती तुमची असो नाहीतर चौदा वर्षांच्या पोरीची, तीही एच-फोरवरच असणार ना. शेजारची पोरगी घेते म्हणून आपण घ्यायचे नाहीत, ती इथली नागरिक असेल. एच-वनवाल्या बाबांनाही हेच लागू, शनिवारचे चाळीस डॉलर म्हणजे कंपनीबाहेरचं काम झालं.

पण म्हणून मुलीला थांबवू नका. कोर्स करू दे, बिनपैशाच्या मॅच घेऊ दे, हायस्कूलला सेवेचे तास लागतात त्यात बहुतेक धरतात, शाळेत आधी विचारून घ्या. आणि व्हिसाच्या बाबतीत माझ्यासारख्या शिट्टीवाल्यावर अवलंबून राहू नका, कंपनीच्या वकिलाला एक मेल टाका, ते त्यासाठीच बसलेत.

चौदा वर्षांच्या पोरीला मैदानावर मोठ्या माणसांना थांबा म्हणायला लागतं, आणि ते थांबतात. घरी आपण तिला किती वेळा असं बोलू देतो?

प्रश्न: तीन मॅच केल्या. तिसऱ्या मॅचला एक बाप पूर्ण वेळ माझ्या नावाने ओरडत होता, मॅचनंतर पार्किंगमध्ये पण मागे आला. बायको म्हणते सोडून दे. काय करू? – नाव छापू नका

उत्तर: नाव नाही छापत. पार्किंगमध्ये मागे आला ही गोष्ट तुम्ही रीजनच्या रेफ्री प्रमुखाला लिहून कळवलीत का? नसेल तर हा कॉलम बाजूला ठेवा आणि आधी ते करा. तारीख, मैदान, कुठली मॅच, काय बोलला, कोण साक्षीला होतं, बस, विशेषणं नकोत. रेफ्रींना होणाऱ्या त्रासाबद्दल फेडरेशनने मार्च २०२५ पासून नियम कडक केलेत, प्रेक्षकांनाही त्यात धरलंय, पण तक्रारच नसेल तर कडक नियम काय करणार.

आता मैदानातलं. एक लक्षात घ्या, पिवळं-लाल कार्ड खेळाडूंना आणि बेंचवरच्यांना असतं, पालकांना नाही. पालकांसाठी तुमच्या हातात कोच आहे. बॉल बाहेर गेला की मॅच थांबवायची, ओरडणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ कोचकडे जायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, कोच, त्या बाजूला जरा बोलून घ्याल का. विनंती. पुन्हा झालं तर सांगायचं, की आता आवाज बंद झाल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही. तिसऱ्यांदा झालं तर तो माणूस मैदान सोडून जाईपर्यंत मॅच बंद, आणि नाहीच गेला तर मॅच संपली, रिपोर्ट लिहायचा, घरी. मला अकरा वर्षांत तिसऱ्या पायरीपर्यंत दोनदाच जावं लागलंय. बहुतेक वेळा मॅच थांबली की सगळं मैदान त्या एकाच माणसाकडे बघायला लागतं, पोरंसुद्धा, आणि त्याला अचानक गाडीतून काहीतरी आणायचं आठवतं.

आणि तुमचं चुकत असेल तर? चुकत असेलच कधीकधी. चुकीच्या बाजूला थ्रो दिला आणि खेळ अजून सुरू झाला नसेल तर हात वर करून बदला, सॉरी म्हणा, त्याने इज्जत जात नाही. खेळ सुरू झाला की मात्र मागे फिरायचं नाही.

कार्डांवरून आठवलं म्हणून सांगतो. ही कार्डं केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफ्रीने शोधली, पेशाने शाळामास्तर. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये चिली आणि इटलीची जी कुप्रसिद्ध मॅच झाली, ज्यात खेळाडू एकमेकांना गुद्दे मारत होते, तिचा रेफ्री हाच. पुढे १९६६ च्या वर्ल्ड कपच्या वेळी लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलला थांबला आणि त्याला पिवळ्या-लालची कल्पना सुचली, १९७० च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपला कार्डं मैदानात आली. तोच माणूस म्हातारपणी कित्येक वर्षं कॅलिफोर्नियात येऊन एवायएसओच्या पालक रेफ्रींना शिकवायचा. म्हणजे बघा, चिली-इटलीची मॅच निभावलेला माणूस शेवटी तुमच्या-माझ्यासारख्या आयटीवाल्यांना थ्रो-इन शिकवत बसला.

बायकोचं म्हणाल तर चौथ्या मॅचला तिला बरोबर न्या, आणि तुम्ही मधला रेफ्री होऊ नका, लाइनवर झेंडा घेऊन उभे राहा, मध्ये कुणीतरी जुनं माणूस मागून घ्या. सोडायचं असेल तर त्यानंतर सोडा.

प्रश्न: सामान काय काय घ्यावं? – बऱ्याच जणांनी विचारलंय

उत्तर: पिवळा शर्ट, काळी चड्डी, काळे मोजे, हे बहुतेक रीजन देतात, विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. शिट्ट्या दोन, आत गोळी नसलेल्या, गोळीवाली पावसात अडकते. घड्याळं दोन, का ते वर सांगितलंच. टॉससाठी नाणं, मी अजून जुना एक रुपया नेतो, इथली पोरं हेड कुठलं टेल कुठलं म्हणून गोंधळतात आणि सिंह दाखवला की खूश होतात. वही, दोन पेन्सिली, कार्डं, पाणी, टोपी, सनस्क्रीन. बूट काळेच पाहिजेत पण महागडे नकोत, पहिल्या सीझनला घरातले जुने चालतात.

प्रश्न: मी अडुसष्ट वर्षांचा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, सध्या मुलाकडे तीन महिने आलोय. तरुणपणी तालमीकडून फुटबॉल खेळलोय. नातवाच्या मॅचला नुसतं खुर्ची टाकून बसायला होत नाही बघा. मला काही करता येईल का?

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून मी थेट शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो, मन भरलं. तालमीकडून खेळलेल्या माणसाला इथे खुर्चीत बसवणं हाच फाउल आहे.

तीन महिन्यांसाठी ट्रेनिंग आणि तपासण्या यात पडू नका, तेवढ्यात परतीचं विमान येईल. पण एक काम आहे ज्याला सर्टिफिकेट लागत नाही. पुष्कळदा लाइनवरचा रेफ्री कमी पडतो, तेव्हा मधला रेफ्री पालकांमधून कुणाला तरी झेंडा देतो, त्याला क्लब लाइन्समन म्हणतात. मॅचच्या पंधरा मिनिटं आधी मुलाला घेऊन रेफ्रीकडे जा, नाव सांगा, म्हणा लागला तर मी आहे. इंग्रजीची काळजी नको, झेंड्याची भाषा तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगली येते.

फक्त एक फरक आहे. क्लब लाइन्समनने ऑफसाइड द्यायचा नाही, फाउल द्यायचा नाही, कितीही स्पष्ट दिसला तरी. अख्खा बॉल रेषेच्या बाहेर गेला की झेंडा सरळ वर, बास. अख्खा म्हणजे अख्खा, रेषेला चिकटलेला असेल तर आत. उन्हात पळायला लागतं तेव्हा दम लागला की सरळ सांगा, दुसरा कुणी घेईल, इथे कुणी काही म्हणत नाही.

आणि झेंडा हातात असेपर्यंत नातवाला ओरडून सांगायचं नाही, पास दे म्हणून नाही, मार म्हणून तर अजिबात नाही. तुम्हाला सगळ्यात जड हेच जाणार आहे. हाफटाइमला पाच मिनिटं झेंडा खाली ठेवायला मिळतो, तेव्हा काय ते सांगून घ्या.